सीबीएमचा हिशोब आला कुठून

एलसीएलमध्ये, म्हणजे अख्खा कंटेनर न घेता इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून, समुद्रमार्गे माल पाठवायचा म्हटलं की फॉरवर्डरच्या (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटच्या) कोटेशनमध्ये डब्ल्यू/एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे वजन आणि घनफळ यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं, आणि त्यात 1 सीबीएमला (घनमीटरला) 1000 किलो धरतात. नवीन एक्सपोर्टरला वाटतं हे कंटेनर आल्यावर सुरू झालं असेल, पण ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला वाइन जायची ती टन नावाच्या 252 गॅलनच्या पिंपांतून, आणि जहाज केवढं हे त्यात अशी किती पिंपं मावतात त्यावरून सांगायचे, म्हणजे मुळात सगळा हिशोब जागेचाच होता. पुढे इंग्रजी जहाजभाड्यात 40 घनफुटांना 1 टन (साधारण 1.13 घनमीटर) धरायला लागले, हलक्या मालाला हे माप आणि लोखंडासारख्या जड मालाला वजन.

जहाज मोजण्यात मात्र मोठा घोळ झाला होता, आणि तो माहीत असायलाच हवा. 1773 च्या ब्रिटिश कायद्यात लांबी आणि रुंदी मोजायचे पण खोली मोजायचेच नाहीत, ती रुंदीच्या निम्मी धरून टाकायचे, आणि बंदराचे कर त्याच आकड्यावर, मग मालकांनी अरुंद आणि खोल जहाजं बांधायला घेतली, कागदावर लहान, पोटात माल भरपूर, पण समुद्रात चालवायला वाईट. शेवटी 1854 च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टने जॉर्ज मूरसमची पद्धत आणली, आतली जागा खरोखर मोजायची आणि 100 घनफुटांना 1 रजिस्टर टन.

आपल्या मुंबईतही हेच गणित होतं. कापूस फुगीर, तसाच भरला तर जहाजातली जागा फुकट जाणार, म्हणून कुलाब्याला कापूस दाबायचे प्रेस उभे राहिले आणि गाठी घट्ट दाबून विलायतेला जायच्या.

मग 26 एप्रिल 1956 ला अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाचं आयडियल एक्स हे जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, साठच्या दशकात आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने कंटेनरच्या साइज ठरवल्या. 20 फुटी डब्यात आत साधारण 33 सीबीएम जागा असते, पण कार्टन नीट बसत नाहीत त्यामुळे 25 ते 28 च धरून चाला.

विमानात जागा अजून महाग म्हणून तिथे घन सेंटिमीटरला 6000 ने भागून येईल तो आकडा किलो म्हणून धरतात, कुरिअरवाले बहुतेक 5000 ने भागतात. समजा 60×40×50 सेंमीचे 50 कार्टन आहेत, प्रत्येकी 8 किलो. घनफळ 6 सीबीएम, वजन फक्त 400 किलो. समुद्राने 6 सीबीएमचं बिल लागेल आणि विमानाने तब्बल 1000 किलोचं. आणि माप पॅकिंग झाल्यावर, पॅलेटसकट (मालाखालच्या चौकटीसकट), सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापासून घ्या, कारण गोदामातही तसंच मोजतात.