खापरपणजोबा खरंच लोहार होते का? क्यूबेकमधल्या पूर्वजांच्या शोधाविषयी

कॅनडातल्या बऱ्याच मराठी घरांत आता क्यूबेकची सून किंवा जावई आहे. नातवंडं आजोळच्या मंडळींविषयी विचारू लागली की एक ऐकीव गोष्ट निघते: फ्रान्सहून आलेला कुणी लोहार होता म्हणे. आम्ही अशा घरांच्या वंशावळी शोधून देतो; त्या लोहाराचा माग कसा काढतो, ते इथे सांगत आहोत.

आधी एक विनंती. आडनावावरून धंदा ठरवू नका. 'लफेव्र' म्हणजे लोहार आणि 'क्लूतिए' म्हणजे खिळे घडवणारा, हे खरं. पण १६३४ मध्ये आलेला झाकारी क्लूतिए सुतार होता, आणि सहीच्या जागी कुऱ्हाडीचं चित्र काढायचा! त्यातच 'दी' नावांची भर. 'दी' म्हणजे आपलं 'ऊर्फ'. फौजेत शिपायांना 'लाफ्लर', 'लाज्यनेस' अशी टोपणनावं पडत आणि पुढे एखाद्या पिढीत तेच आडनाव होई. म्हणून आम्ही दोन्ही नावं शोधतो.

शोध आजच्या पिढीपासून मागे जातो, एका लग्नापासून त्याच्या आधीच्या लग्नापर्यंत. चर्चच्या विवाहनोंदीत सहसा वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आणि बायकांची नोंद माहेरच्या नावाने होते. आईकडची बाजू त्यामुळेच हाती लागते. १६७९ पासून या नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवल्या जात. त्याआधीचं काही गेलं ते गेलंच: १६४० मध्ये क्यूबेक शहरातलं चर्च जळालं आणि तिथल्या नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहाव्या लागल्या.

धंद्याचा उल्लेख १६६६ आणि १६८१ च्या जनगणनांत सापडू शकतो. 'फोर्जरों' म्हणजे लोहार. 'तायांदिए' कुऱ्हाडी-विळ्यांसारखी धारेची अवजारं घडवणारा. 'आर्म्युरिए' बंदुका दुरुस्त करणारा. या यादीतल्या वयांवर मात्र फार विसंबू नका. १६६६ आणि १६६७ अशा लागोपाठच्या दोन जनगणनांत एकाच माणसाचं वय भलतंच बदललेलं दिसतं.

खरा खजिना नोटरींच्या, म्हणजे कायदेशीर दस्त लिहिणाऱ्यांच्या, दप्तरात असतो. नवरा किंवा बायको वारली की, विशेषतः दुसरं लग्न ठरत असेल तर, मुलांचा हिस्सा ठरवायला घरातल्या चीजवस्तूंची यादी होई. नोटरी खोल्याखोल्यांतून फिरे, शेवटी भट्टीपाशी येई: ऐरण, भाता, शेगडा, सांडशी, हातोडे, एकेकाची किंमत लिव्र आणि सोल या जुन्या फ्रेंच नाण्यांत. अशा यादीत ऐरण दिसली की आम्हालाही भरून येतं. तो माणूस लोहारच होता आणि भट्टी त्याची स्वतःची होती, याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

पूर्वज क्यूबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर शहराजवळचे असतील तर आधी आम्हाला सांगा. तिथे १७३० च्या दशकात सें-मोरिसचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला. तिथला 'फोर्जरों' म्हणजे गावात नाल ठोकणारा लोहार नव्हे. तो मोठ्या घणाखाली लोखंड ठोकून सळ्या काढणारा कारागीर.

आमच्याकडे येताना आजी-आजोबांच्या लग्नाचं गाव आणि आजीचं माहेरचं आडनाव घेऊन या. तारीख अंदाजे असली तरी चालेल. प्रत्येक पिढीसोबत मूळ नोंदीची प्रत आणि तिचा मराठी अर्थ आम्ही देतो. ज्या दुव्याला कागद मिळाला नाही, तिथे वंशावळीत जागा कोरी सोडतो. नुसत्या अंदाजाने नाव भरत नाही.