अकालजात अर्भकांचा दृष्टिपटलविकार : जोखीमघटक

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलातील (डोळ्याच्या मागच्या पडद्यातील, रेटिनातील) अर्धवट रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून होणारा विकार. रुग्णालयात त्याला आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. गर्भाच्या सुमारे 16 व्या आठवड्यात या वाहिन्या दृष्टिचेतेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) मुखापासून कडेकडे सरकू लागतात. नाकाकडची कड साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत, कानाकडची 40 व्या आठवड्याच्या सुमारास गाठतात. म्हणून जन्मवेळचे गर्भवय हाच मुख्य जोखीमघटक. कमी जन्मवजन बहुधा त्याच्या जोडीने येते.

प्राणवायूचा वाटा दीर्घकाळ वादात होता. बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ टेरी यांनी 1942 मध्ये भिंगामागील पांढऱ्या पडद्याचे वर्णन केले. ती या विकाराची अखेरची अवस्था होय. मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये सढळ प्राणवायूकडे बोट दाखवले आणि त्याच दशकात अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीने त्याला पुष्टी दिली. पुढे प्राणवायूवर कडक मर्यादा आली. त्यामुळे अंधत्व घटले, पण मृत्यू वाढले असावेत, असे नंतरच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. 2010 च्या अमेरिकी चाचणीतही हाच पेच दिसला : रक्तातील प्राणवायूची संपृक्तता 85–89 टक्के ठेवली तेव्हा तीव्र विकार 8.6 टक्के व मृत्यू 19.9 टक्के; 91–95 टक्के ठेवली तेव्हा अनुक्रमे 17.9 व 16.2 टक्के. जीव आधी, हे धरून आता दुसरी मर्यादा अधिक ग्राह्य मानतात.

जादा प्राणवायूमुळे वाहिन्यांना वाढवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन घटते व वाढ थांबते. साधारण 32 व्या आठवड्यानंतर प्राणवायूला भुकेले दृष्टिपटल तेच प्रथिन अतोनात स्रवते. मग ठिसूळ वाहिन्या काचद्रवात (डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक द्रवात) शिरतात, त्यांचा व्रण आकसतो आणि दृष्टिपटल ओढून सुटते. प्रसूतिकक्षात वा रुग्णवाहिकेत हवा मिसळणारा ब्लेंडर नसेल तर बाळाला शुद्ध प्राणवायूच मिळतो. बाळ प्राणवायूवर असताना ऑक्सिमीटरची वरची घंटा 95 वर लावलेली नसेल तर अतिरेक कोणाच्या लक्षात येत नाही. संपृक्ततेचे वारंवार चढउतारही घातक ठरतात.

जंतुदोष, रक्त चढवणे (दात्याच्या रक्तातील प्रौढांचे हिमोग्लोबिन ऊतींना प्राणवायू अधिक सहज सोडते) आणि पहिल्या आठवड्यांत वजन न वाढणे हे इतर घटक. प्रखर प्रकाशाचा संशय 1998 च्या चाचणीत टिकला नाही.

भारतात थोडी मोठी बाळेही बाधित होतात. 30 आठवडे किंवा 1,500 ग्रॅम हा अमेरिकी निकष त्यांना गाळतो. येथे 34 आठवड्यांखालील किंवा 2,000 ग्रॅमखालील, तसेच जोखीम असलेल्या 34–36 आठवड्यांच्या बाळांची तपासणी 30 व्या दिवसाच्या आत करतात. 28 आठवड्यांखालील किंवा 1,200 ग्रॅमखालील बाळांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. उपचारयोग्य अवस्था दिसताच 48 ते 72 तासांत लेसर करावा लागतो.