‘तेन्द्रे’मध्ये ‘द’ आला कुठून?

स्पॅनिशचा भविष्यकाळ शिकायला सोपा. मूळ क्रियापद अख्खं ठेवायचं आणि पुढे प्रत्यय लावायचा: आब्लार म्हणजे बोलणे, आब्लारे म्हणजे मी बोलेन. मग येतं तेनेर, म्हणजे जवळ असणे. त्याचं ‘तेनेरे’ व्हायला हवं, होतं मात्र ‘तेन्द्रे’. वर्गात ‘अपवाद आहे, पाठ करा’ एवढंच सांगतात.

लॅटिनचा भविष्यकाळ निराळा होता. ‘आमाबित’ म्हणजे तो प्रेम करेल, ‘आमावित’ म्हणजे त्याने प्रेम केलं. पुढे बोलण्यात ब आणि व एकमेकांत मिसळले आणि दोन्ही रूपं सारखीच ऐकू येऊ लागली. मग लोक ‘कांतारे हाबेओ’ अशी जोडणी वापरू लागले. आपल्या ‘मला गायचं आहे’च्या जवळची. तिची झीज होऊन ‘कांतारे’, म्हणजे ‘मी गाईन’, उरलं. आजचे प्रत्यय ए, आस, आ हे खरं तर आबेर (‘हाबेओ’चाच स्पॅनिश अवतार) या सहायक क्रियापदाचीच वर्तमानकाळी रूपं आहेत.

सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या लॅटिन बखरीत याचा मासला सापडतो. कैद झालेला पर्शियन राजा प्रांत परत द्यायला तयार नाही. तो म्हणतो, ‘नोन दाबो’, देणार नाही. रोमन सम्राट जस्टिनियन ठणकावतो, ‘दारास’, देशील! म्हणून तिथल्या शहराचं नाव दारास पडलं म्हणे. ही निव्वळ दंतकथा, शहर जस्टिनियनच्या आधीच वसलेलं होतं. पण एकाच संवादात जुना (दाबो) आणि नवा (दारास) भविष्यकाळ समोरासमोर आले आहेत.

हा सांधा बराच काळ सुटा होता. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘दार ते ए’ (तुला देईन) असं सर्वनाम मध्ये शिरे. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ‘दार-ते-एइ’ आजही चालतं; गोव्यात जुनं पोर्तुगीज शिकलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. नेब्रिहाने 1492च्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात ही फोड नोंदवली आहे.

आता तो ‘द’. ‘तेनेरे’मधला मधला स्वर गळला, ‘तेनरे’ उरलं. न वरून र वर जाताना जीभ मध्ये द घेते. वानराचा वांदर झाला तो असाच. पोनेरचं पोन्द्रे, बेनीरचं बेन्द्रे (हो, आडनावासारखंच) हीही त्याच वाटेने आली. काही शतकं ‘तेर्ने’ असं उलटापालट झालेलं रूपही चालत होतं, ते मागे पडलं.

आज बोलताना, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ‘बोय आ तेनेर’ (माझ्याकडे असणार आहे) जास्त ऐकू येतं. ‘तेन्द्रा’ मात्र अंदाज बांधायला हमखास लागतं: ‘तेन्द्रा त्रेइन्ता आन्योस’, तीस वर्षांचा असेल.