टिलर

टिलर हा शेती आणि नौकानयन या दोन्ही व्यवसायांत रुळलेला इंग्रजी शब्द आहे. शेतात टिलर म्हणजे मशागतीचे यंत्र, पिकात बुडातून निघणारा फुटवा आणि नावेत सुकाणू वळवण्याचा दांडा. पुणे जिल्ह्यात तिन्ही अर्थ नांदतात. पहिले दोन मावळच्या भातात आणि बारामती-इंदापूरच्या उसात भेटतात, तिसरा खडकवासल्याच्या पाण्यावर.

स्पेलिंग आणि उच्चार सारखे असले तरी हे एका शब्दाचे तीन अर्थ नव्हेत. मुळात हे तीन स्वतंत्र शब्द आहेत. यंत्राचे नाव जुन्या इंग्रजीतील ‘झटणे, कष्ट करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून आले, तर फुटव्याचे ‘डहाळी’ या अर्थाच्या शब्दापासून. सुकाणूच्या दांड्याचे नाव लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले. तिथे त्याचा संबंध विणकराच्या मागाच्या दांड्याशी होता. पुढे आडव्या धनुष्याच्या लाकडी दांड्याला ते नाव मिळाले आणि त्यानंतर नावेतील दांड्याला.

शेतकऱ्याच्या तोंडी ‘टिलर’ म्हणजे बहुतेक वेळा पॉवर टिलरच. दोन चाके, पुढे इंजिन, मागे फिरणारी वाकडी पाती आणि हँडल धरून चालणारा माणूस. फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये सुरू केले. मुळशी, मावळ, भोरच्या उतारावरील लहान खाचरांत ट्रॅक्टर वळवायला जागा नसते, तिथे हे यंत्र उपयोगी पडते. चिखलणीसाठी रबरी चाकांऐवजी लोखंडी चाके लावतात. वळण्यासाठी ज्या बाजूला जायचे त्या बाजूचा क्लच दाबायचा असतो. मात्र तीव्र उतारावरून खाली येताना हाच क्लच उलटा वागतो. डावा दाबला की यंत्र उजवीकडे जाते. नवख्या चालकाला ही गोष्ट यंत्र हाती देण्यापूर्वीच सांगायला हवी.

फुटवा हा अर्थ यंत्राइतका बोलण्यात येत नाही, पण उत्पन्नाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. भात, गहू, ऊस ही सगळी गवतकुळातील पिके. त्यांच्या मुख्य कोंबाच्या तळाशी, मातीलगत, डोळे असतात आणि त्यांतून नवे कोंब फुटतात. उसाच्या टिपरीवरच्या, म्हणजे लावलेल्या कांडीवरच्या, डोळ्यातून प्रथम येतो तो जेठा कोंब. त्याच्या बुडातून फुटवे, आणि फुटव्यांना पुन्हा फुटवे. जेठा जोमात वाढत राहिला तर बाकीचे मागे पडतात. म्हणून बाजूला दोन-तीन फुटवे दिसू लागले की, साधारण दीड-दोन महिन्यांनी, अनेक शेतकरी जेठा बुडाशी कापतात. बेटातील, म्हणजे एकाच बुडातून वाढलेले, ऊस मग एका वयाचे आणि एका जाडीचे होतात.

फुटवे भरपूर आले म्हणजे ऊस भरपूर आला असे नाही. सूर्यप्रकाश आणि अन्न यांच्या ओढाताणीत त्यांतले बरेच मरतात. एकरी ४० हजारांच्या आसपास गाळपालायक ऊस टिकवणे हे लागवडीचे खरे गणित आहे. त्यासाठी बाळबांधणीत बुडाला थोडी माती लावतात, तर मोठ्या बांधणीत वरंबे फोडून भरपूर माती चढवतात. त्यामुळे उशिराचे फुटवे थांबतात आणि ऊस लोळत नाही. त्यानंतरही उगवणारे जाड, पाणीदार पाणकोंब साखरेच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. चार-पाच फुटांच्या सरीत हे बांधणीचे काम आता पॉवर टिलरच करतो. म्हणजे एक टिलर दुसऱ्याची संख्या आवरतो.

नौकानयनातील टिलर हा सुकाणूच्या माथ्याला जोडलेला आडवा दांडा. खडकवासल्याच्या जलाशयात, म्हणजे १८७९ च्या धरणामागच्या पाण्यात, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, कारण पाण्यातले पाते खिळीच्या पलीकडे, उलट दिशेला जाते. होडी थांबलेली असेल तर दांडा कितीही हलवला तरी सुकाणू काम करत नाही, पात्यावरून पाणी वाहायला हवे. वल्हवण्याच्या शर्यतीच्या नावेत मात्र सुकाणू सहसा दोरीने फिरवतात.

या उलटेपणाचा परिणाम जहाजांवरील हुकुमांवरही झाला. दांड्याऐवजी चाक आल्यावरसुद्धा हुकूम दांड्याच्या दिशेनेच दिले जात. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर ‘हार्ड अ स्टारबोर्ड’, म्हणजे दांडा उजवीकडे, असा हुकूम सुटला आणि जहाजाचे नाक ठरल्याप्रमाणे डावीकडे वळले. ही पद्धत धोक्याची होती यात शंका नाही. लंडन येथील १९२९ च्या समुद्रसुरक्षा कराराने हुकूम जहाजाच्या दिशेने देण्याचा नियम केला आणि १९३० च्या दशकात तो रूढ झाला.

याखेरीज धनुष्य घडवणारे दोन्ही बाहू सारखे वाकावेत म्हणून लाकूड तासत नेतात, त्या कामालाही याच शब्दावरून नाव आहे. कार्ल बेंझ यांची १८८६ ची तीनचाकी मोटार स्टिअरिंग चाकाने नव्हे तर दांड्याने वळत असे. प्रवासी विमानात वैमानिकाच्या आसनाशेजारी असते ती छोटी मूठही टिलरच. लोहगावला उतरलेले विमान पार्किंगच्या जागेकडे नेताना पुढचे चाक तिने वळवतात. वेगात असताना ती फार तीव्र ठरते, म्हणून धावपट्टीवर दिशा पायाच्या पेडलांनी सांभाळतात.