रेघ उमटली नाही, म्हणजे काय?

गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी आणि करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले कार्ड यांमुळे दोन रेघा म्हणजे ‘आहे’ आणि एकच रेघ म्हणजे ‘नाही’, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. याच समजुतीने लघवीतील अफूवर्गीय औषधांचे कार्ड वाचले, तर निष्कर्ष नेमका उलटा निघतो. आणि कर्करोगाच्या असह्य वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो थेट त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणारा ठरतो.

अशा रुग्णाची लघवी तपासतात ती दोन कारणांसाठी: लिहून दिलेले औषध तो स्वतः घेतो आहे का आणि सोबत दुसरे काही धोकादायक घेत नाही ना. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, कर्करोगाच्या चालू उपचारांबाहेरील जुनाट वेदनांसाठी, अफूवर्गीय औषधे सुरू करण्यापूर्वी ही तपासणी करावी आणि पुढे वर्षातून एकदा तरी तिचा विचार करावा, असे म्हटले होते. नोकरीपूर्व तपासणीत औषध सापडणे ही अडचण असते, इथे मात्र सापडणे हाच अपेक्षित निकाल असतो.

आता रेघेकडे वळू. गरोदरपणाच्या चाचणीतील एचसीजी हे संप्रेरक म्हणजे सुमारे ३६,००० डाल्टन वस्तुमानाचे भले मोठे प्रथिन आहे. त्याला एक प्रतिपिंड (ठरावीक रेणूलाच चिकटणारे प्रथिन) एका बाजूने आणि दुसरे प्रतिपिंड दुसऱ्या बाजूने धरू शकते. या दुहेरी पकडीतूनच रेघ उमटते. मॉर्फिनचा रेणू जेमतेम २८५ डाल्टनचा. दादर ज्वारीच्या एका दाण्याला दोन माणसांनी एकाच वेळी मुठीत धरायला जावे, तशी इथे गत होते. दुसऱ्या प्रतिपिंडाला धरायला जागाच उरत नाही. म्हणून रचना उलटी करावी लागली. पट्टीवरच्या रेघेच्या जागी मॉर्फिनसदृश रेणू आधीच एका प्रथिनाला जोडून चिकटवलेले असतात, तर सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेली प्रतिपिंडे लघवीसोबत वाहत येतात. लघवीत औषध नसेल, तर ही प्रतिपिंडे मोकळीच रेघेपर्यंत पोहोचतात, तिथल्या रेणूंना चिकटतात आणि लालसर रेघ दिसते. औषध पुरेसे असेल, तर प्रतिपिंडे वाटेतच अडकतात आणि रेघ उमटतच नाही. म्हणजेच रेघ नसणे हा ‘पॉझिटिव्ह’ निकाल होय, आणि फिकट का होईना, रेघ दिसली तर तो ‘निगेटिव्ह’ धरतात. शेजारची नियंत्रण रेघ मात्र दोन्ही वेळा उमटलीच पाहिजे. ती नसेल तर कार्डच बाद.

‘पुरेसे’ म्हणजे किती, हे माणसांनी ठरवले आहे. पूर्वी ही मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील तपासणीसाठी ती २,००० वर नेली, आणि त्यामागचे एक मोठे कारण होते खसखस. खसखशीच्या दाण्यात स्वतःची अफू जवळजवळ नसते, पण बोंडाचा चीक तिला लागलेला असतो. अधिक महिन्यात जावयाला द्यायच्या अनारशांवर किंवा खानदेशी काळ्या मसाल्यात पडणारी खसखस भाजल्याने वा धुतल्याने हे प्रमाण बरेच घटते; तरीही ३०० च्या कार्डावर ती गोंधळ घालू शकते.

याहून मोठा गोंधळ प्रतिपिंडाच्या मर्यादित ओळखीमुळे होतो. त्याला मॉर्फिनचा आकार ठाऊक असतो. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल ही कृत्रिम औषधे घडणीने वेगळी असल्याने मॉर्फिनच्या कार्डावर ती सहसा दिसत नाहीत. समजा, यावलच्या केळीबागेत राबणारा मजूर मणक्याच्या दुखण्यासाठी नेमाने ट्रॅमाडॉल घेतो. त्याच्या कार्डावर ठळक रेघ आली, तर ‘गोळ्या घेत नाही, परस्पर विकतो’ असा आरोप करणे हा अन्याय आहे. हे औषध २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आल्याने तो आरोप हलकाही नाही. उलट लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके आणि काही चाचण्यांत क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन खोटा ‘पॉझिटिव्ह’ देऊ शकतात.

म्हणून खरा निर्णय क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या जोडतंत्रावर सोडावा; ते रेणू वेगळे करून वजनाने ओळखते. तिथेही यकृताचे रसायन माहीत असावे लागते. सीवायपी२डी६ या विकरामुळे खोकल्याच्या औषधातील कोडीनचा काही भाग शरीरातच मॉर्फिन बनतो, त्यामुळे दोन्ही सापडले म्हणून दोन्ही घेतली असे होत नाही. हेरॉइनची खूण ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन, पण ते काही तासांतच नाहीसे होते.

‘शरीर धुऊन काढणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि काढे यांतले काहीही बदलत नाहीत. भरपूर पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते, इतकेच. आणि लघवीतील क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेला की प्रयोगशाळेला ते लगेच कळते.

लघवीतील आकड्यावरून रुग्णाने किती गोळ्या घेतल्या हेही सांगता येत नाही, कारण तो आकडा पाणी, मूत्रपिंड आणि वेळ यांवर हलतो. नमुना देण्यापूर्वी खोकल्याच्या औषधासह सगळी औषधे लिहून द्यावीत, आणि डॉक्टरांनी केवळ कार्डावरून मॉर्फिन बंद करू नये. एकाएकी थांबवल्यास जुलाब, घाम, अंग मोडून येणे सुरू होते आणि मूळची वेदनाही परत उसळते.