सोळा प्रश्नांची मोजपट्टी: आरोग्य माहितीची ‘गुणवत्ता’ नेमकी कशाची?

आरोग्य माहिती सेवांच्या मूल्यमापन अहवालांत ‘गुणवत्ता’ या शब्दापुढे एक आकडा असतो. माहिती बरोबर आहे की चूक, हे तो आकडा बहुतेक वेळा सांगत नाही. हा घोळ कुठून आला हे पाहायचे तर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. छापील मजकुराची वाचनीयता मोजणारी सूत्रे १९४० च्या दशकापासून वापरात होती. १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी पाहण्याची मांडणी झाली आणि आजचे अनेक आराखडे तिच्यावरच उभे आहेत. पुढे दूरध्वनी सेवा आल्या, तेव्हा देखरेख म्हणजे मुख्यतः कॉल किती वेळात उचलला आणि किती कॉल सुटले याची मोजदाद. दिलेले उत्तर योग्य होते का, हे तपासायला प्रशिक्षित व्यक्तीने रुग्ण म्हणून चाचणी कॉल करायचा, ही पद्धत त्यातल्या त्यात प्रामाणिक.

मग १९९७ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलाला ताप आला तर घरी काय करावे, हे सांगणारी ४१ वेबपाने त्यात तपासली होती. मान्य शिफारशींशी नीट जुळणारी पाने निघाली फक्त ४. तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन पालक हीच पाने वाचत असणार, या कल्पनेनेच अनेकांना अस्वस्थ केले. अशा पानांना गुण देणारी साधने तर आधीच भराभर निघत होती. १९९८ मध्ये कोणीतरी ती मोजली तेव्हा ४७ भरली. निकष काय आहेत हे त्यातल्या १४ साधनांनीच सांगितले होते. दोन परीक्षकांचे गुण एकमेकांशी जुळतात का, याची माहिती एकानेही दिलेली नव्हती. २००२ च्या मोजणीत आणखी ५१ नवी साधने सापडली.

याच काळात एक निर्णय झाला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मजकूर तपासायचे दोन मार्ग होते. पहिला, प्रत्येक विधान उपलब्ध पुराव्याशी ताडून पाहायचे. त्याला त्या त्या आजाराचा जाणकार लागतो, वेळ लागतो आणि पुरावा बदलला की सगळे पुन्हा करावे लागते. दुसरा, मजकुराच्या खुणा पाहायच्या: लेखक कोण, आधार कोणता, तारीख कधीची, पैसा कोणाचा. १९९७ मध्ये या चार खुणा निकष म्हणून मांडल्या गेल्या. १९९९ मध्ये ‘डिसर्न’ प्रसिद्ध झाले, त्यानेही दुसरीच वाट धरली. उपचारांच्या पर्यायांविषयीच्या लेखी माहितीला सोळा प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. पहिले आठ प्रश्न मजकुराच्या विश्वासार्हतेचे, पुढचे सात उपचारांच्या माहितीचे आणि शेवटचा एकंदर मताचा. माहिती शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे का, हे या साधनाने ठरवता येत नाही, असे त्याच्या कर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

माझ्या मते तो निर्णय योग्य होता. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाच्या हाती काहीतरी द्यायचे होते आणि त्याला झेपतील असेच हे प्रश्न आहेत. चूक पुढे झाली. वाचकासाठी घडवलेली ही पट्टी संशोधकांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी उचलली, गुणांची बेरीज केली, ‘उत्कृष्ट’, ‘मध्यम’, ‘निकृष्ट’ असे गट पाडले आणि त्या बेरजेलाच गुणवत्ता म्हटले. लेखी पत्रकांसाठीचे साधन व्हिडिओंनाही लावले गेले. कर्त्यांनी लिहिलेली मर्यादा मात्र मागेच राहिली.

२०१३ मध्ये आलेल्या एका साधनाने निदान शब्द वेगळे केले: माहिती समजते का, आणि ती वाचून नेमके काय करायचे ते कळते का. सेवा चालवणाऱ्याला हे दोन प्रश्न एका ढोबळ बेरजेपेक्षा कितीतरी उपयोगाचे आहेत. पण अचूकता इथेही बाहेरच राहिली.

तिचा हिशेब २०२० मध्ये द्यावा लागला. त्या जूनमध्ये मास्कविषयीचा जागतिक सल्ला बदलला. आदल्या महिन्यात लेखक, तारीख, संदर्भ सगळे नीट देऊन लिहिलेले पान सर्व निकषांत बसत होते आणि तरी शिळे झाले होते. वर्षातून एकदा होणाऱ्या मूल्यमापनाला हे दिसणेच शक्य नव्हते. त्यासाठी सल्ला बदलल्यापासून पान बदलेपर्यंत किती दिवस गेले, हे मोजावे लागते. २०२१ मध्ये एक पान बाजूला ठेवून संपूर्ण स्रोतच विश्वासार्ह ठरवण्याची तत्त्वे पुढे आली, म्हणजे तपासणी मजकुरापासून आणखी एक पाऊल दूर गेली. १९९० च्या दशकापासून संकेतस्थळांना दिला जाणारा एक जुना शिक्का २०२२ मध्ये बंद झाला.

आता तेच सोळा प्रश्न संवादी यंत्रांच्या, म्हणजे चॅटबॉटच्या, उत्तरांना लावले जात आहेत. त्या उत्तराला लेखक नसतो, तारीख नसते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मजकूर बदलतो. परीक्षकाने गुण दिलेले उत्तर पुढच्या रुग्णाला मिळेलच असे नाही.