उसात जन्मलेला बिबट्या

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की दर हंगामात हे घडतंच. फड निम्मा तुटलेला असतो, कोयता मध्येच थांबतो आणि पाचटात बिबट्याची मांजराएवढी दोन-तीन पिल्लं दिसतात. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात, संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. अंधार पडला की मादी येते, पंजाने क्रेट कलंडवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

‘जंगलं तुटली म्हणून बिबटे गावात आले’ असं आपण सहज म्हणतो. चंद्रपूरच्या वाघांबद्दल ते बरंचसं खरं आहे. तिथे जंगलाचे तुकडे झालेत, तरुण वाघ नवी जागा शोधत फिरतात आणि एप्रिल-मेमध्ये मोहफुलं, तेंदूपानं वेचायला गेलेली माणसं त्यांच्या वाटेत येतात. पण जुन्नर पट्ट्यातली ही पिल्लं जंगलातून आलेली नाहीत. त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. येडगाव, माणिकडोह, डिंभे ही धरणं झाली, पाट आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस दीड वर्ष हलत नाही. लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि खायला वस्तीवरची कुत्री! बिबट्याला आणखी काय हवं?

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नीट हिशोब मांडला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या भागात त्यांना १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास ५ प्रौढ बिबटे आढळले. विष्ठा तपासल्यावर कळलं की त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा होता. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं मोकळं असतं. बिबट्या जे सोपं ते उचलतो.

गळ्यात जीपीएस पट्टा घातलेले बिबटे रात्री घरांपासून पंचवीस मीटरच्या आतही वावरताना दिसले. म्हणजे अंगणात झोपलेल्या माणसाच्या जवळून तो कितीदा गेला असेल, देव जाणे. तरी बहुतेक रात्री काही होत नाही, कारण उभा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही. त्याची शिकार साधारण शेळी-कुत्र्याच्या उंचीची. खुरपणीला वाकलेली बाई, परसाकडे बसलेला माणूस, एकटं खेळणारं मूल हे संधिप्रकाशात त्याच उंचीचे दिसतात. पिल्लांसह असलेली मादी, विहिरीत पडलेला किंवा गर्दीने कोंडलेला बिबट्या यांची गोष्ट वेगळी, तिथे भीती हल्ला करते.

मग पकडून दूर का सोडू नये? ते करून झालं आहे. २००१ पासून जुन्नर विभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले गेले आणि त्यातले २९ सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. त्याआधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो चांगल्या हेतूने केलेल्या उपायाचा आहे. पिंजऱ्यात धडपडून दात तुटलेला, बिथरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला जातो. तिथे आधीच दुसऱ्याची हद्द असते. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत नवा बिबट्या शिरतो, ज्याला ना वस्त्या ठाऊक, ना माणसांच्या वेळा.

शिवाय सोडलेला बिबट्या तिथेच राहतो असंही नाही. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला एक वयस्क नर माळशेज घाटात सोडला. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. रस्ते, रेल्वे, कारखान्यांचा परिसर आणि वसईची खाडी ओलांडत तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला, आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

तरीही २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात अवघ्या वीसेक दिवसांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. त्या गावांना ‘सहजीवन’ हा शब्द ऐकवायची माझी हिंमत नाही. पण त्या शेतकऱ्यांचं एक गाऱ्हाणं विज्ञानाशी अगदी जुळतं. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने रात्री मिळत आली आहे. म्हणून पिकाला बारे (पाणी) द्यायला माणूस मध्यरात्री एकटा, वाकून, उसाच्या कडेला असतो, नेमका बिबट्याच्या फिरण्याच्या वेळी. ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) फडाशेजारीच असतात, दार म्हणजे एक फडकं, आणि आत पोरं झोपलेली. दिवसा वीज, कोपीला पक्का आडोसा, वस्तीवर संडास आणि दिवा, बंदिस्त गोठा, उकिरडा हटवून कमी केलेली भटकी कुत्री: यातलं बरंचसं वनखात्याच्या हातातच नाही, ते वीज वितरण कंपनी, साखर कारखाने आणि ग्रामपंचायतींकडे आहे.